वाटाण्याएवढी चरबी

सकाळी दहा चाळीसला, पोटाची डावी बाजू बधिर झालेली असताना, बाई टेबलावर उठून बसली.

डॉक्टरांच्या हातात सुई तयार होती. बेंबीशेजारी निळ्या पेनाने छोटं वर्तुळ काढलेलं होतं. त्या वर्तुळातून वाटाण्याएवढी चरबी काढायची, वर पट्टी लावायची आणि बाईने चहा पिऊन घरी जायचं, असं ठरलं होतं. बाईने विचारलं, आत्ता या क्षणी नाही म्हटलं तर चालतं का? डॉक्टर म्हणाली की संमतीपत्रात तेच लिहिलंय, कधीही माघार घेता येते आणि कारणही द्यावं लागत नाही.

"मग कारण देत नाही," बाई म्हणाली.

तिने पडद्यामागे जाऊन कपडे घातले, केस नीट केले आणि दार उघडलं. बाहेर बाकावर तिघं बसली होती: तिचा मोठा भाऊ, वहिनी आणि भाची. भाऊ उठून उभा राहिला. एवढ्यात झालं, असं वाटून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. बाई त्याच्यासमोर थांबली.

"दादा, तू अजून बोलला नाहीस."

आणि ती जिन्याने खाली उतरून गेली.

या चरबीच्या तुकड्यावर भावाचं औषध अवलंबून होतं, आणि औषधावर बहुधा जीव. हे चौघांनाही माहीत होतं.

शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचा वजनकाटा होता, आता तो भावाचा आहे. ट्रक लोखंडी फळीवर चढतो, काट्याच्या केबिनवरच्या बोर्डावर लाल आकडा येतो. मग माल उतरवून रिकामा ट्रक परत येतो, दुसरा आकडा येतो, दोन्हींतला फरक म्हणजे माल. भावाचा सगळा जन्म या वजाबाकीत गेला. ड्रायव्हर त्याला पैलवान म्हणतात. दंडावर, पोटऱ्यांवर शिरा दोरीसारख्या उठून दिसतात, कातडीखाली कुठे म्हणून लोण्यासारखा मऊपणा नाही. व्यायाम त्याने कधी केला नाही, पण हे त्याने कुणाला सांगितलंही नाही. उलट चहा प्यायला थांबलेल्या ड्रायव्हरांना तो ऐकवायचा की शरीर कमवायचं तर आधी तोंडावर ताबा हवा.

बहिणीला ड्रायव्हर टेम्पो म्हणत. हे नाव भावाने ठेवलेलं. ती कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं उतरवायचं, त्याला काय म्हणायचं असेल ते नाही, हे तिचं काम. पन्नाशी उलटली तरी कोर्टात तिच्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं नाही. अंगाने ती भरलेली आहे, विशेषतः कमरेपासून खाली. लग्न केलं नाही. आणि गेली कित्येक वर्षं ती चारचौघांत जेवत नाही. ऑफिसात डबा नेते तो रेकॉर्डच्या खोलीत, फाइलींच्या मांडण्यांमागे उभ्याने खाते. विचारलं तर म्हणते, सवय आहे.

भावाला साखर निघाली तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. पैलवानाला डायबेटिस? ड्रायव्हरांनी निष्कर्ष काढला की दृष्ट लागली. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन, मग इतकं इन्सुलिन की नर्स सिरिंज भरताना दोनदा वाचून बघे. साखर हलेना. मग पोटात असह्य कळ येऊन तो पहिल्यांदा भरती झाला, आणि काही महिन्यांनी दुसऱ्यांदा. स्वादुपिंडाला सूज. दुसऱ्या वेळी रक्त काढून नळी उभी करून ठेवली, तर थोड्या वेळाने वरचा अर्धा भाग दुधासारखा पांढरा झाला. ते चरबीने भरलेलं रक्त होतं. तेव्हा पहिल्यांदा एका डॉक्टरने त्याच्या रक्ताकडे न बघता त्याच्या पायांकडे बघितलं.

ही डॉक्टर हार्मोनची तज्ज्ञ. चाळिशीतली, घाईत बोलणारी. तिने भावाच्या मांडीची कातडी चिमटीत धरली, चिमटीत कातडीच आली. तिने त्याला समजावलं की चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही. तिच्यातून रक्तात हार्मोन सुटतात. त्यातलं लेप्टिन मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, आता खाणं थांबव. अॅडिपोनेक्टिन यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. भावाच्या हातापायांत जन्मजात दोषामुळे चरबी धरतच नाही, वयात येतायेताच ती झडून गेली असणार. त्यामुळे दोन्ही हार्मोन तुटपुंजे. खाल्लेलं तेलतूप ठेवायला जागा नाही, म्हणून ते रक्तात तरंगतं आणि यकृतात साचतं. पुरुषांमध्ये हे लवकर लक्षात येत नाही, लोक कौतुकच करतात.

"म्हणजे गोडाऊन नाही म्हणून माल रस्त्यावर," भाऊ म्हणाला.

"आणि गोडाऊनमधला फोनही नाही," डॉक्टर म्हणाली.

बाहेरून लेप्टिनचं इंजेक्शन देता येतं. ते महाग आणि दुर्मीळ, पण एक समिती मोजक्या रुग्णांना ते मिळवून देते. अट एवढीच की आजार सिद्ध व्हायला हवा. भावाच्या जनुकात बदल सापडला होता, पण तो आधी कुठे नोंदलेला नव्हता. समितीने कळवलं की त्याच आईबापांच्या, चरबी शाबूत असलेल्या भावंडाचं रक्त आणि चरबीचा नमुना तुलनेसाठी पाठवा. आईवडील केव्हाच गेले होते. भावंड एकच होतं.

रक्त बहिणीने मागितल्याबरोबर दिलं. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, असं ती सांगते. तिचा रिपोर्ट आला तो वहिनीने मोठ्याने वाचला आणि मग उगाच वाचला असं तिला वाटलं. साखर नेहमीसारखी. अॅडिपोनेक्टिन भरपूर. डॉक्टरने लगेच बजावलं की यावरून जाड असणं चांगलं असा अर्थ काढू नका. पोटाचा घेर वाढला की बहुतेकांत हे हार्मोन घटतं, आणि लेप्टिन ओरडत राहतं पण मेंदू ऐकायचं सोडतो. या बाईंची चरबी मांड्यांवर आणि कमरेवर आहे, त्यामुळे आतापर्यंत निभावलं.

"मी अजून कोणताच अर्थ काढलेला नाही," बहीण म्हणाली.

चरबीचा तुकडा मागायला भाऊ आणि वहिनी तिच्या घरी गेले तेव्हा मात्र तिने अट घातली. काट्यावर यायचं. ड्रायव्हर जमलेले असताना भावाने फळीवर उभं राहायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. वहिनीला काही कळेना. भावाला कळलं.

ती तेवीस वर्षांची असताना एका वाहतूक कंपनीतला कारकून काट्यावर यायचा. दोघांचं जमत होतं. त्याचा काका बोलणी करायला आला त्या दुपारी केबिनमध्ये वडील होते, बाहेर सात-आठ ड्रायव्हर होते. चहा झाला. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "थांबा, आधी गाडी काट्यावर घेऊ," आणि तिचा हात धरून तिला फळीवर नेऊन उभं केलं. काटा ट्रकचा, तो वीस-वीस किलोच्या टप्प्यांनी मोजतो. ती होती एकाहत्तरची. बोर्डाने जवळचा टप्पा धरून ऐंशी दाखवले. "ऐंशी, आणि गाडी रिकामी आहे," भाऊ ओरडला. सगळे हसले, काकाही हसला. मग भाऊ स्वतः उभा राहिला, बोर्डाने साठ दाखवले. तो तेव्हा त्रेसष्टचा होता. वडिलांनी काचेआडून मान वळवली. कारकुनाचा फोन त्यानंतर आला नाही. कारण तेच होतं का, हे तिला कधी कळलं नाही, आणि न कळल्यामुळे ते मिटलंही नाही.

तर आता त्याची पाळी, असा तिचा हिशेब होता. शनिवारी दुपारी ती रजा काढून काट्यावर गेली. भाऊ फळीवर चढला. आणि तिथेच तिचा डाव फसला, कारण तिने हयातभर ज्या गोष्टीची लाज बाळगली होती तिचा त्याला अभिमान होता. बोर्डावर साठ आले. भावाने बाह्या वर सरकवल्या. "साठ," तो खणखणीत म्हणाला, "आजारी असून." ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, पैलवान, आमच्या क्लीनरला तुमच्याकडे महिनाभर ठेवतो. दुसरा म्हणाला, ठेव, तो खाऊन काटाच गहाण टाकेल. भाऊ त्यांच्याबरोबर हसला आणि उतरताना बहिणीला म्हणाला, "झालं समाधान? मग कधी येतेस?"

तिने तारीख सांगितली नाही. घरी जाताना ती पायी गेली, आणि तिला स्वतःचाच राग आला होता. वजनकाट्यावर वाढलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. तिने त्याला वजनात हरवायला नेलं होतं.

खरी गोष्ट तिला पुढच्या आठवड्यात कळली, आणि ती डॉक्टरच्या साध्या प्रश्नातून. समितीला पाठवायचा अहवाल पुरा करायला डॉक्टरने दोघा भावंडांना एकत्र बसवून लहानपणाची माहिती विचारली. वहिनीही होती. वयात येताना अंग कसं होतं, पाय कधीपासून असे, वगैरे झालं. मग डॉक्टरने विचारलं, "भूक कशी होती? बारा-तेरा वर्षांपासून पुढे. या आजारात लेप्टिन कमी असल्यामुळे भूक भागतच नाही. मुलं चोरून खातात, रात्री उठून खातात. त्यात मुलांचा दोष नसतो, मेंदूला 'पुरे' हा निरोपच जात नाही."

वहिनी हसून म्हणाली की छे, ह्यांचं खाणं मोजून मापून. भुकेचा प्रकार ताईंचा होता. त्यांच्यामुळे सासूबाईंना कपाटाला कुलूप लावावं लागलं होतं.

बहिणीने भावाकडे बघितलं. भाऊ छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

ते कुलूप ती विसरलेली नव्हती. ती दहा वर्षांची, भाऊ बाराचा. घरातली बिस्किटं संपू लागली. मग पाव, जॅमची बाटली, साखर, मुलांच्या डब्यांसाठी उकडून ठेवलेली अंडी. आईने दोघांना समोर उभं केलं. एक पोरगा काडीसारखा, एक पोरगी गुबगुबीत. आईने पुन्हा विचारलंही नाही. कपाटाला कुलूप लागलं, किल्ली आईच्या गळ्यातल्या दोरीला गेली, आणि पोरीचं ताट अर्ध्यावर आलं. तरी वस्तू जातच राहिल्या, कारण कुलपाची दुसरी किल्ली वडिलांच्या टेबलात होती आणि ते एकट्या भावाला ठाऊक होतं. प्रत्येक वेळी मार तिला बसला. ती सांगायची, मी नाही खाल्लं. पुढे सांगणं सोडलं. त्याहून वाईट म्हणजे काही वर्षांनी तिलाच वाटायला लागलं की आपण झोपेत उठून खात असू. ती रात्री स्वतःचा पाय पलंगाला बांधून झोपायची. हे घरात एकालाच माहीत होतं, कारण तो त्याच खोलीत झोपायचा. आणि पाय बांधलेला असतानाही बिस्किटं गेली की तिला वाटे, आपणच झोपेत गाठ सोडून पुन्हा बांधली; ती कुणी नेली, हे त्यालाच माहीत होतं.

हे सगळं डॉक्टरच्या खोलीत कुणी बोललं नाही. डॉक्टरने अहवालात भुकेच्या रकान्यात 'माहिती नाही' असं लिहिलं आणि पुढचा रुग्ण बोलावला.

दुपारी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये बहिणीने भावासमोरची खुर्ची ओढली. त्याच्यासमोर त्याच्या पथ्याचं ताट होतं: उकडलेल्या भाज्या, कोरडा पाव, पाणी. तिने स्वतःसाठी लोणी लावलेला पाव, दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि केक मागवला. मग ती जेवली. सावकाश, एकेक घास नीट चावून, भर कॅन्टीनमध्ये, चारचौघांत. भावाची नजर तिच्या ताटावरून हलेना. त्याने आपलं ताट केव्हाच संपवलं होतं. लोण्याचा एक थेंब पावावरून तिच्या बोटावर आला, तो तिने चाटला.

"देऊ का थोडं?" तिने विचारलं.

त्याचा हात टेबलावर जरा पुढे सरकला.

"नको. तुझा तोंडावर ताबा आहे."

केकचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून तिने अट सांगितली. तुकडा देईन. त्याआधी तू तुझ्या बायकोसमोर आणि पोरीसमोर बोलायचंस. 'मी खाल्लं आणि तुझ्यावर ढकललं.' एवढंच. यातला एक शब्द कमी चालणार नाही.

भावाने ताटाची कड बोटाने पुसली. मग म्हणाला, तो आजार होता, डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना, माझा दोष नव्हता.

"खाण्यात नव्हता," ती म्हणाली.

त्याने कबूल केलं. तुकडा काढायच्या दिवशी, आधी, दोघींसमोर बोलतो. त्या दिवशी तो वेळेवर आला, दाढी करून आला. बहीण तपासणीच्या खोलीच्या दाराशी थांबली, त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला की तू आत हो, मी जरा पाणी पिऊन आलो. ती आत गेली, कपडे बदलले, टेबलावर झोपली. तिने त्याला पाणी प्यायला वेळ दिला. भुलीचं इंजेक्शन झाल्यावर दार किलकिलं झालं आणि वहिनीने डोकं आत घातलं.

"ताई, हे म्हणतायत, लहानपणी काही कमीजास्त झालं असेल तर मनावर घेऊ नकोस."

दहा चाळीस झाले होते.

पुढच्या दोन दिवसांत भावाचे फोन आले. समजून घे, तो म्हणाला. तिने सांगितलं की समजलंय, आता ऐकायचंय. त्याने लिहून देऊ का विचारलं. ती म्हणाली, लिहायचं काम माझं आहे, तुझं बोलायचं. त्याने विचारलं, मी मेलो तर तुला बरं वाटेल का? तिने थोडा विचार करून उत्तर दिलं की तसं झालं तर वाईट वाटेल, पण ऐकायचं राहून गेलं याचं.

तिसऱ्या दिवशी भाची कोर्टात आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. चेहरा गोल, मान भरलेली, आणि त्या मानाने हातपाय एकदम रोड. आत्याने तिला खाली कॅन्टीनला नेलं. भाचीने एक प्लेट संपवली, दुसरी संपवली आणि मग तिची नजर आत्याच्या प्लेटवर गेली. तिने ती लगेच खाली वळवली. आत्याने ती नजर ओळखली. तिने प्लेट पुढे सरकवली.

"खा."

"नको. घरी कळलं तर म्हणतील, आत्यावर गेलीस."

आत्याने विचारलं की असं कोण म्हणतं. भाची म्हणाली, पप्पा. आठवीत असल्यापासून. तेव्हा आपल्या घरातही कपाटाला कुलूप लागलं, किल्ली आईकडे असते. पप्पा सांगतात, तुझ्या आजीलाही आत्यामुळे हेच करावं लागलं होतं, ही खोड त्या बाजूने आलीय. भाची हे सगळं खातखात, सहज सांगत होती, तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. मग तिने पँट गुडघ्यापर्यंत सरकवली. पोटरीवर शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या.

डॉक्टरने तिचंही रक्त तपासलं होतं. लेप्टिन कमी, साखर हद्दीवर. मुलींमध्ये हा आजार जास्त जोर धरतो, असं डॉक्टर म्हणाली होती. बापाचं प्रकरण सिद्ध झालं तर त्याच फाइलवर मुलीलाही औषध मिळू शकतं.

"मला तेवढंच सांगायचं होतं," भाची म्हणाली. "माझ्यासाठी दे ना, आत्या."

आत्याने तिथूनच डॉक्टरला फोन लावला आणि विचारलं, नमुना फक्त मुलीसाठी देता येईल का, भावासाठी नाही. पलीकडून डॉक्टर तापली. कुटुंब एक, जनुक एक, फाइल एक. मी काय चाळणीतून गाळून निकाल देऊ? आत्याने फोन ठेवला.  मग म्हणाली, "ठीक आहे. देते. उद्या येते म्हणून सांग."

ती खरंच देणार होती. तिने तसं ठरवलं होतं, आणि ठरवताना तिला हलकं वाटलं नाही, उलट काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

भाची उठली नाही. "पप्पांनी काय बोलायचं होतं?"

"ते त्याने सांगायचं."

भाचीने समोरच्या रिकाम्या प्लेटकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटरीकडे. पोर हुशार होती.

"कपाटातलं?" तिने विचारलं. "ते पप्पा खायचे?"

आत्या हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिच्या पेशात याची नोंद 'साक्षीदार गप्प' अशी करतात.

भाचीने पँट खाली केली, हात पुसले. तिचा आवाज चढला नाही. "त्यांना माहीत होतं. मला कुलूप लावलं तेव्हा त्यांना माहीत होतं, ही भूक कुठून आलीय ते."

"तुझ्या औषधाचा प्रश्न आहे. मी उद्या—"

"नको देऊस," भाची म्हणाली. "आधी बोलू दे त्यांना. मलाही ऐकायचंय."

आत्याने तिला समजावलं. वाद घातला. जे तिने स्वतः ऐकलं नसतं ते सगळं तिला ऐकवलं: साखर कुणासाठी थांबत नाही, राग कुठे पळून जात नाही. भाचीने आत्याकडे बघून विचारलं, मग तू टेबलावरून का उठलीस?  त्या संध्याकाळी भाचीने घरी आईला सांगितलं की मी इंजेक्शन घेणार नाही, कुणी मिळवून दिलं तरी, जोवर पप्पा आपल्या तोंडाने बोलत नाहीत. काय बोलायचं, हे वहिनीने नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला की पोरगी आत्यावर गेलीय. भाचीने आपलं ताट उचललं आणि बापासमोर ठेवलं.

"घ्या. खा. माझं नाव सांगा."

तो उठून काट्यावर निघून गेला. तिथे ड्रायव्हरांनी त्याला काय खाताना पाहिलं याबद्दल दोन प्रकारचं बोललं जातं. एक म्हणतो, अख्खा पाव आणि लोण्याचं पाकीट. दुसरा म्हणतो, त्याने काहीच खाल्लं नाही, नुसता केबिनमध्ये बसून होता. पहाटे कळ आली एवढं नक्की आहे.

ही तिसरी वेळ. या वेळी स्वादुपिंडाबरोबर श्वासही अडला, आणि त्याच्या तोंडातून नळी घालून यंत्र जोडावं लागलं. रक्त पुन्हा पांढरं निघालं. डॉक्टरने बहिणीला फोन करून स्पष्ट सांगितलं की समितीची बैठक उद्या आहे. आज संध्याकाळी पाचपर्यंत नमुना गेला तर नाव यादीत चढेल, नाहीतर पुढची बैठक तीन महिन्यांनी. तीन महिन्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही.

बहीण दुपारी पोचली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर भाची एकटीच होती. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. काचेतून भाऊ दिसत होता: दंडावरच्या शिरा तशाच उठलेल्या, तोंडात नळी, डोळे उघडे. तो दोघींकडे बघत होता. त्याने एक हात चादरीवरून जरासा उचलला. त्याचा अर्थ काय, हे बाहेरून सांगता येत नव्हतं.

डॉक्टर नवं संमतीपत्र घेऊन आली. तिने सांगितलं की खोली तयार आहे, दहा मिनिटांचं काम आहे. आणि असंही सांगितलं की पेशंटचा श्वास सुधारतोय, चारला नळी काढून बघणार आहोत. काढल्यावर आवाज लगेच फुटतो असं नाही. काहींना तासाभरात बोलता येतं, काहींना दोन दिवस लागतात.

बहिणीने पेन घेतलं. भाचीने कागदाच्या सहीच्या जागेवर हात ठेवला. हात रोड होता, त्यातली शीर हलताना दिसत होती. बहिणीने तो बाजूला केला नाही.

"चारला किती मिनिटं आहेत?" तिने डॉक्टरला विचारलं.

डॉक्टरने घड्याळ बघितलं, मान हलवली आणि सुईची खोली उघडी ठेवून आत गेली.

चार वाजून दहा मिनिटांनी नळी निघाली. दोघी काचेशी उभ्या होत्या. भाऊ खोकला, नर्सने त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसले, आणि त्याने तोंड उघडलं. वहिनी त्याच्या अगदी जवळ वाकलेली होती. तिने मान वर करून काचेकडे बघितलं, त्याच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि हाताने खूण केली, दोघींनी आत यावं. संमतीपत्र बाकावर होतं, सहीची जागा कोरी. सव्वाचारला विभागाचं दार उघडलं आणि दोघी आत गेल्या.